कोठीतलं धान, डब्यातलं पीठ

दुर्ग सोडून दल्ली-राजहराच्या दिशेने निघालेली गाडी थोड्याच वेळात मरोद्याला पोचते. याच रुळांवरून राजहराच्या डोंगरातलं लोहखनिज भिलाईच्या भट्ट्यांकडे येतं, आणि पोलाद कारखान्याला लागणारं पाणी मरोद्याच्याच जलाशयात साठवलं जातं. बाहेरच्या माणसाला मरोदा ठाऊक असतं ते या दोन गोष्टींमुळे. इथली जुनी साठवण मात्र घराच्या आतली होती. कारखान्याचा कुणाला पत्ताही नव्हता तेव्हापासून या मुलखातल्या शेतकऱ्याच्या घरात मातीची कोठी उभी असे. मातीत धानाचा भुसा आणि पेंढ्याचे तुकडे कालवून, एक थर वाळला की त्यावर दुसरा चढवत ती बांधायची. वर धान ओतायला तोंड, खाली धान काढायला भोक, आणि त्या भोकाला घट्ट बसवलेला बोळा. लागेल तेवढं धान खालून काढायचं, बोळा परत लावायचा. जुनं धान आधी बाहेर येई, नवं वर राही. साठ्याचा हिशेब कोठीच्या घडणीतच बसवलेला होता.

पौष पौर्णिमेला छत्तीसगढात छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं आणि मुलं झोळ्या घेऊन दारोदार फिरतात. त्यांच्या हाळीतच कोठीचं नाव येतं: कोठीतलं धान काढा आणि आम्हाला द्या. पीठ कुणी मागत नाही. घरात साठवलेली वस्तू म्हणजे धान, टरफलासकट, हे त्या हाळीत गृहीतच आहे.

आज भिलाईतल्या, नागपुरातल्या किंवा पुण्यातल्या दुकानात 'ग्लुटेन-फ्री' अशी अक्षरं छापलेली पिठाची पाकिटं मिळतात. तांदळाचं, ज्वारीचं, नाचणीचं, राजगिऱ्याचं पीठ. ज्यांच्या घरात कुणाला गहू चालत नाही, त्यांना ती महाग पडतात, म्हणून एकदम पाच-दहा किलो घ्यायचा मोह होतो. मग प्रश्न उभा राहतो: एवढं पीठ टिकेल किती दिवस? ठेवायचं कशात? घरी केक, बिस्किटं, पाव करून बघणाऱ्यांना हा प्रश्न नवा वाटतो, कारण पाकीट नवं आहे. पण त्या पाकिटातलं पीठ या मुलखाचं रोजचंच पीठ आहे. ते कसं सांभाळायचं, याचा अनुभव इथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे आणि त्यातून एक नियमही काढलेला आहे. साठा धान्याचा करावा, पीठ लागेल तसं करावं.

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. कणीक मळली की जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना जी ताणली जाते, पाव ज्याच्या जोरावर फुगतो, ते हेच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, कोदो, राजगिरा, शिंगाडा यांत ते नाही. म्हणजे कोकणापासून छत्तीसगढापर्यंत शेतकऱ्याच्या ताटात रोज जे होतं, त्यातलं बहुतेक ग्लुटेनवाचूनचंच होतं. गव्हाची पोळी पुष्कळ घरांत सणाला किंवा पाहुणा आला तर होई.

छत्तीसगढीत पिठाला 'पिसान' म्हणतात आणि तांदळाला 'चाउर'. चाउर पिसानाचे जितके प्रकार इथे होतात तितके क्वचितच दुसरीकडे होत असतील. तव्यावरचा चीला, तळलेला चौसेला, वाफवलेला फरा, गुळाचा अइरसा. त्यांतला सगळ्यांत देखणा प्रकार म्हणजे अंगाकर रोटी. तांदळाचं पीठ आणि आदला शिळा भात एकत्र मळायचा, जाड रोटी थापायची, वर-खाली पळसासारखी पानं लावायची आणि निखाऱ्यांवर भाजायची. शिळा भात चवीपुरता घातलेला नसतो. तांदळाच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा नाही, तो शिजलेल्या भाताने आणायचा असतो. कोकणातली पानगी केळीच्या पानांत घालून याच वाटेने जाते. उकडीच्या मोदकाची पिठी उकळत्या पाण्यात घालून उकड काढतात, ज्वारीच्या पिठात कढत पाणी घालून भाकरी थापतात, ती युक्तीही हीच: उष्णतेने पिठातलं सत्त्व चिकट करून घ्यायचं. आजच्या पाककृतींत गव्हावाचूनच्या पावासाठी डिंकासारखे पदार्थ घालायला सांगतात. ग्लुटेन नसलेलं पीठ सांधायचं कसं, हा प्रश्न अंगाकर करणाऱ्या बाईने शिळ्या भाताने सोडवलेला होता.

गोवा आणि तळकोकणातली तवसाळी तर सरळ केकच आहे. तवसं, तांदळाचा रवा आणि गूळ पातेल्यात घालून झाकणावर निखारे, खाली मंद आच. काही घरांत तिला धोंडस म्हणतात. भट्टी नसलेल्या स्वयंपाकघरात वर-खाली विस्तव ठेवून भाजण्याची ही कला ओव्हनच्या खूप आधीची.

अइरसा हे नाव ऐकून मराठी कान टवकारतात. आपला अनारसा तो हाच. दोन मुलखांचं हे नातं केवळ शेजाराचं नाही. नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत १७४१ मध्ये छत्तीसगढावर चालून आला, आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत पहिल्या रघूजीचा मुलगा बिंबाजी भोसले रतनपुरात बसून इथला कारभार पाहत होता. पुढे सुभेदार आले, इंग्रज आले, पण धान्याच्या मापांत जुनी ओळख राहिली. मराठी हिशेबात चार शेरांची पायली, बारा पायलीचा मण, वीस मणांची खंडी. छत्तीसगढच्या खळ्यावर धान काठ्याने मोजत, आणि वीस काठ्यांची एक खांडी. माप वेगळं, पण विसाचा हिशेब आणि खंडीचं नाव एकच. दुर्ग जिल्ह्यातलं धमधा आपल्या तलावांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांची संख्या 'सहा आगर सहा कोरी' अशी सांगतात. कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६. अशाच तलावांतून शिंगाडा येतो आणि उपासाच्या पिठाच्या रूपाने साऱ्या देशात जातो.

धान टरफलासकट ठेवायचं याला कारण होतं. टरफल हा दाण्याचा स्वतःचा डबा. ते शाबूत असेल तर सोंड्याला आत शिरणं अवघड जातं आणि दाण्यातलं तेल हवेला लागत नाही. ढेंकीवर कांडून टरफल काढलं की तांदूळ उघडा पडतो आणि त्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. तांदूळ दळला की आणखी उघडा पडतो. म्हणून कोठीत वर्षभराचं धान, मडक्यात काही दिवसांचे तांदूळ आणि सुपात आजच्यापुरतं पिसान अशी ही उतरण होती. कोदो आणि नाचणी या बाबतीत धानाच्याही पुढे. चांगली वाळवून ठेवली तर ती वर्षानुवर्षं राहतात, म्हणून दुष्काळासाठी राखून ठेवायची धान्यं तीच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला, तेव्हा अशा साठ्यांची किंमत गावागावाला कळली असणार. १८८०च्या दशकात नागपूरहून राजनांदगावपर्यंत रेल्वे आली होती, आणि पूर्वी वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून रमतगमत बाहेर जाणारं धान्य वाघिणी भरून जाऊ लागलं होतं.

पश्चिमेकडे, ज्वारीच्या मुलखात, हीच साठवण जमिनीखाली गेली. दख्खनच्या कोरड्या भागात घट्ट मातीत किंवा मुरमात खोल खड्डा खणत, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत कडबा आणि भुसा लावून ज्वारी भरत, वर पुन्हा कडबा, त्यावर माती, की झालं पेव. पुढे एखाद्या गोष्टीचा अचानक सुकाळ झाला की मराठी माणूस 'पेव फुटलं' म्हणू लागला. मोठ्या वाड्यांत भिंतीच्या पोटात बळद असे. लहान घरांत तुरकाट्यांची किंवा बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी. कोकणात भाताच्या पेंढ्याचा घट्ट वळलेला मुडा.

पेवात नेमकं काय घडतं, ते आता नीट समजलेलं आहे. बंद पेवात दाणे आणि किडे दोन्ही श्वास घेतात, आतला ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे गुदमरून मरतात. औषध काहीच घातलेलं नसतं. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी वारा खेळू द्यायचा, कंदील सोडून तो विझतो का पाहायचं, ही सावधगिरी याच कारणाने पाळत. ती न पाळल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. कृष्णाकाठच्या त्या मातीत हळद वर्षानुवर्षं राहत असे. २००५च्या महापुराचं पाणी त्यांत शिरलं आणि पुष्कळ पेवं निकामी झाली. आज धान्यासाठी ज्या जाड प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्या पेवाच्याच तत्त्वावर चालतात. दहा किलो ज्वारी अशा पिशवीत, हवा दाबून काढून, बांधून ठेवली तर औषधाच्या गोळ्यांची गरज उरत नाही.

पण पेवात ज्वारी जाई, ज्वारीचं पीठ कधीच नाही.

पीठ का टिकत नाही, हे सगळ्यांत लवकर बाजरी शिकवते. बाजरीच्या दाण्यात तेलाचं प्रमाण ज्वारी-तांदळापेक्षा जास्त. दाणा अखंड असतो तोवर ते तेल आणि त्याला फोडणारी विकरं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. जात्यात दोन्ही एकत्र येतात आणि काही दिवसांतच पीठ कडवट लागतं. ज्वारीचं त्या मानाने बरं, पण तेही फार दिवस ठेवलं की भाकरीच्या कडा फाटू लागतात. 'पिठाची विरी गेली' असं त्याला म्हणतात. हा शब्द वापरणाऱ्या बाईने रसायनशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण पीठ जुनं झालं की त्याची सांधण्याची ताकद जाते हे तिच्या तळहाताला कळत होतं. घरी ज्वारीची बिस्किटं करणाऱ्याला ती भुगा का होतात याचं उत्तर पुष्कळदा याच शब्दात सापडेल. पॉलिश केलेल्या तांदळाचं पीठ अधिक टिकतं, कारण तेलकट कोंडा आधीच निघून गेलेला असतो. नाचणीत तेल मुळात कमी. मात्र मोदकाची पिठी धुतलेल्या तांदळाची असते. तांदूळ सावलीत नीट वाळले नसतील तर तिला आठवड्यातच वास येतो.

म्हणून रोज दळायचं. हा शहाणपणा होता, पण तो फुकटचा नव्हता. त्याची किंमत बायकांच्या खांद्यांनी मोजली. कोंबडा आरवायच्या आधी उठून दोघी जात्याला बसत आणि घरातल्या सगळ्यांच्या भाकरीचं पीठ उजाडायच्या आत पाडत. त्या दळणाबरोबर जे गायलं गेलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून गोळा केलं. त्यांच्या संग्रहात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. माहेर, भाऊ, पंढरी, सासुरवास, सगळं त्यांत आलेलं आहे. ताज्या पिठाचं कौतुक करताना त्या जात्याचं वजन विसरणं अन्यायाचं होईल. गिरणी आली तेव्हा बायकांनी जातं सोडलं, आणि ते सोडणं अगदी योग्य होतं.

गिरणीबरोबर दुसरा बदल झाला. जातं रोज फिरे, गिरणी आठवड्यातून एकदा. पाच-सहा किलोचं दळण टाकायचं, डबा भरून आणायचा. पीठ साठवायची सवय इथे लागली. बाजरीचं दळण मात्र सुज्ञ बाई अजूनही दोन-अडीच किलोच्या वर टाकत नाही.

२ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग ज्या मध्यप्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगढ भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्यप्रदेशात. कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पंजाब, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र, केरळ, बंगाल, विदर्भ अशा सगळीकडून माणसं आली. सेक्टर उभे राहिले, मरोद्याच्या बाजूलाही क्वार्टरं झाली. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात मातीची कोठी मावत नव्हती. तिथे पत्र्याचे डबे आले, आणि किलोसुद्धा याच वर्षांत आला. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा, आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. काठा, पायली, शेर मागे पडले.

आणि गहू पुढे आला. स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईच्या काळात रेशनच्या दुकानांतून देशभर गहू पोचला, त्यात अमेरिकेतून पीएल-४८० खाली आलेल्या गव्हाचा वाटा मोठा होता. एकट्या १९६६ सालात सुमारे एक कोटी टन धान्य आयात झालं. मग मेक्सिकन वाणांचा गहू पंजाबात पिकू लागला आणि पोळी हे ज्वारीच्या आणि तांदळाच्या मुलखातही रोजचं अन्न बनलं. महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळाली. ती परदेशी ज्वारीच होती, पण तिच्या भाकरीची आठवण त्या पिढीला अजून नकोशी वाटते. मिलोने ज्वारीचीही पत थोडी घालवली असावी. भाकरी गरिबाची आणि पोळी बरी परिस्थिती आल्याची, ही समजूत त्या काळात पक्की झाली. आज तीच ज्वारी चकचकीत पाकिटात गव्हापेक्षा महाग विकली जाते. ज्यांनी भाकरी लाजून सोडली त्यांच्या नातवंडांना ती वैद्यकीय कारणाने परत शोधावी लागते, याची हळहळ वाटते.

ते वैद्यकीय कारण कळायला जगाला बराच वेळ लागला. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी यांनी मुलांमधल्या सीलिअॅक आजाराचं स्वच्छ वर्णन केलं आणि बरं होणार असेल तर ते आहारानेच होईल असं सांगितलं. कोणता आहार, हे मात्र ठाऊक नव्हतं. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके १९३०च्या दशकापासून गव्हावर संशय धरून होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला आणि दोषी गहू आहे हे सिद्ध केलं. भारतात दिल्लीच्या परिसरात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९६ जणांमागे एकाला हा आजार आढळला. २०१६च्या पाहणीत उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के असं प्रमाण निघालं. आजाराला पोषक जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. ताटातला गहू तेवढा कमी-जास्त होता.

अशा रुग्णाला गव्हाचा कणही चालत नाही. 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असं भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम सांगतो. आता कोपऱ्यावरच्या गिरणीचा विचार करा. आधीचं दळण गव्हाचं, त्यामागे आपली ज्वारी. दगडांत, पन्हाळीत, कापडी पिशवीत अडकलेलं मूठभर गव्हाचं पीठ आपल्या डब्यात येतंच. हिंगाचंही तसंच. बाजारातला बांधणीचा हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात कालवलेला असतो, आणि ते ठाऊक नसल्याने वर्षभर पथ्य पाळूनही घरातलं मूल सुधारत नाही, असं होऊ शकतं.

गिरणीतल्या या सरमिसळीची मराठी बायकांना मात्र आधीपासून कल्पना होती. 'आमचं ज्वारीच्या मागे लावा' असं गिरणीवाल्याला सांगणं हा नित्याचा भाग. आणि उपासाच्या दळणाच्या वेळी तर नियम कडक. एकादशी, नवरात्र, महाशिवरात्र जवळ आली की गिरण्यांवर उपासाच्या दळणाचा वेगळा वार लागतो. चक्की झाडून-पुसून घेतात, काही ठिकाणी त्यासाठी वेगळी चक्कीच असते. राजगिरा, शिंगाडा, वरी, साबुदाणा, सगळं ग्लुटेनवाचूनचं. गव्हाचा कण लागला तर उपास मोडेल या भीतीने जी शिस्त जपली गेली, तीच आज एखाद्या आजारी मुलाच्या उपयोगी पडते. कुठल्या गिरणीत उपासाचं दळण वेगळं निघतं, हे शेजारच्या आजींना विचारणं हा चांगलं पीठ मिळवण्याचा अजूनही खात्रीचा रस्ता आहे. ज्यांना परवडतं ते घरघंटी घेतात आणि तिच्यात गहू कधीच घालत नाहीत.

उपासाच्या पिठाने दुसरा धडाही दिलेला आहे, आणि तो कडू आहे. नवरात्रात किंवा महाशिवरात्रीला भगरीच्या भाकरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, अनेकदा येतात. शेकडो माणसं दवाखान्यात भरती झाली, असंही घडलेलं आहे. जुन्या, दमट हवेत ठेवलेल्या भगरीवर आणि तिच्या पिठावर बुरशी चढते आणि तिचं विष शिजवूनही पूर्ण जात नाही. म्हणून अन्न व औषध प्रशासन सणाच्या आधी सांगत राहतं: सुटं पीठ घेऊ नका, पाकीटबंद भगर घ्या, निवडून-धुऊन वाळवा, लागेल तेवढीच घरी दळा. कोठीचा नियम सरकारी पत्रकात पुन्हा आलेला आहे. कोदोचंही असंच. ओल्या हवेत बुरशी धरलेला कोदो खाल्ला की माणसाला झिंग चढते, उलट्या होतात. २०२४च्या ऑक्टोबरअखेरीस बांधवगढच्या जंगलात दहा हत्ती मेले, ते शेतातला असा कोदो पोटात गेल्याने, असा निष्कर्ष तपासात निघाला. वर्षानुवर्षं टिकणारं हे धान्य ओलाव्यापुढे इतकं हतबल होतं.

वाळवण हा या सगळ्याचा पाया. वैशाखात अंगणात चादरी पसरून धान्य कडकडीत वाळवायचं, दाताखाली कट्‌कन फुटलं की ते भरायला तयार. मग ज्वारीला राख किंवा कडुलिंबाचा पाला, तांदळाला एरंडेलाचा हात. १९६५ पासून सरकारने धान्य वाचवण्याची मोहीम देशभर चालवली. पत्र्याच्या कोठ्या आणि मातीच्या भिंतीत प्लास्टिकचा पडदा घातलेली 'पुसा कोठी' त्याच काळातल्या. आजच्या फ्लॅटमध्ये अंगण नाही, पण शीतकपाट आहे. आणलेलं पीठ किंवा धान्य घट्ट पिशवीत चार-पाच दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर पोरकिड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी पिठावर बसतं आणि जाळं धरतं.

रायपूरला तांदळाचीही एक मोठी साठवण आहे. शास्त्रज्ञ आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात छत्तीसगढातल्या गावागावांतून भाताचे हजारो स्थानिक वाण गोळा केले, एकोणीस हजारांहून अधिक. ते इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहेत. २००२ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीशी या संग्रहाबाबत सहकार्याची बोलणी झाली, तेव्हा छत्तीसगढात एवढा विरोध उसळला की ती सोडून द्यावी लागली. ज्या घरांनी हे वाण पिढ्यान्‌पिढ्या पुढच्या पेरणीसाठी वेगळे काढून ठेवले, त्यांना आपल्या साठ्याचं मोल नीट कळत होतं.

पीठ साठवू नये या नियमाला आपल्या स्वयंपाकघराने स्वतःच अपवादही काढून ठेवले आहेत. भाजणी हा पहिला. धान्य मंद आचेवर खमंग भाजलं की तेल फोडणारी विकरं निकामी होतात, ओलावा उडतो, किड्यांची अंडी मरतात, आणि मग ते दळून ठेवलं तर महिनोन्‌महिने राहतं. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, धने, जिरे असतात, गहू नसतो. थालीपिठाच्या भाजणीत मात्र बहुतेक घरांत गहू पडतो, तेवढा वगळायला लागतो. ज्यांना गव्हावाचूनचं पीठ एकदम जास्त करून ठेवायचं आहे त्यांनी सुरुवात चकलीच्या भाजणीपासून करावी. ती ओव्हनमध्येही चालते, तीळ आणि लोणी घालून तिची खारी बिस्किटं छान होतात.

दुसरा अपवाद अनारशाचं पीठ. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, फडक्यावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे आणि लगेच किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून मळून गोळे बांधायचे. हे पीठ ओलं असूनही बिघडत नाही, कारण गूळ पाणी धरून ठेवतो आणि बुरशीला मिळू देत नाही. उलट बरणीत पाच-सहा दिवस मुरल्यावरच अनारसा जाळीदार पडतो. दिवाळीच्या आधी करून ठेवलेलं पीठ पुढच्या महिन्यातल्या पाहुण्यालाही पुरतं. छत्तीसगढचा अइरसा असा मुरवत नाहीत. तिथे गुळाचा पाक करून त्यात ताजं पिसान घालतात आणि त्याच दिवशी तळतात. मरोद्याच्या एखाद्या क्वार्टरमध्ये मराठी घर आणि छत्तीसगढी घर भिंतीला भिंत लागून असतील, तर दिवाळीच्या त्या आठवड्यात एका घरात तांदूळ तिसऱ्या दिवशीच्या पाण्यात असतात आणि दुसऱ्या घरात ते सकाळी उपसून दुपारी कढईत गेलेले असतात.